जुन्या दुनळी बंदुकीचे अस्सलपण कसे ओळखावे?

प्रश्न (गुहागर): गावातील एका जुन्या घरातून बारा बोअरची, बाहेर घोडे असलेली दुनळी विक्रीस निघाली आहे. माझ्या परवान्यावर दुसऱ्या बंदुकीस वाव आहे. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर 'डब्ल्यू. रिचर्ड्स' असे नाव कोरलेले आहे, नळ्यांवर दमास्कसची (लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या नळ्यांवर उमटते ती) नागमोडी नक्षी आहे आणि दस्ता इतका चकचकीत आहे की त्याचाच मला संशय येतो. विक्रेते तिला अस्सल विलायती म्हणून किंमत सांगतात. पैसे देण्यापूर्वी काय पाहावे?

उत्तर (सावंतवाडी): नावावर जाऊ नका. वेस्टली रिचर्ड्स ही बर्मिंगहॅमची नामांकित पेढी. तिच्या नावाशी मिळतेजुळते हेच नाव बेल्जियमच्या पुष्कळ स्वस्त बंदुकांवर आढळते, आणि रिचर्ड्स आडनावाचे खरे इंग्रज कारागीरही होते. नळ्या उतरवून उलट्या करा व मागच्या टोकाच्या सपाट भागावरचे चाचणीचे ठसे (नळीची मजबुती तपासल्याच्या खुणा) भिंगाने वाचा. लंबगोलात ई, एल, जी ही अक्षरे असतील तर ती बंदूक बेल्जियममधल्या लिएज शहरात तपासलेली. 'नॉट फॉर बॉल' (गोळीसाठी नव्हे) असेल तर ती इंग्लंडमध्ये १८७५ ते १८८७ या काळात तपासलेली. नळ्या, मधली यंत्रणा आणि पुढच्या लाकडाचे लोखंड या तिन्हींवर एकच क्रमांक हवा. मागच्या टोकापासून काही इंचांवर नळीभोवती बारीक आडवी रेघ दिसली, तर जुन्या बुडात नव्या नळ्या बसवल्या आहेत असे समजा. मग किंमत निश्चितच उतरते.

उत्तर (दापोली): आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्याने नळीत आतून खड्डे पडतात. मी पूर्वी घेतलेली बंदूक आतून आरशासारखी होती. मोजल्यावर कळले की खड्डे घालवण्यासाठी नळी इतकी घासली होती की तिची भिंत धोकादायक पातळ झाली होती. म्हणून जाडी मोजूनच घ्या. नळ्या दोरीला टांगून टिचकी मारा. घंटेसारखा नाद न येता बद्द आवाज आला तर पट्टीचा डाख सुटला असण्याचा संभव असतो. काडतुसाची जागा अडीच इंची असेल तर आजचे ७० मिलिमीटरचे काडतूस त्यात घालू नये, आणि धूरविरहित दारूच्या चाचणीचा ठसा नसलेल्या दमास्कस नळीत तर मुळीच नाही. दस्त्यावर पकडीसाठी कोरलेल्या बारीक चौकटी खूप घासलेल्या, पण लाकूड नव्या पॉलिशचे, हे दस्ता नंतर चमकवल्याचे लक्षणही पाहा.

प्रश्नकर्ता: आज विक्रेत्यांसमोर नळ्या उतरवल्या. लंबगोलातली तीच अक्षरे निघाली, आणि पुढच्या लाकडाच्या लोखंडावरचा क्रमांक नळ्यांशी जुळत नाही. नळीची जाडी मोजून होईपर्यंत बयाणा देणार नाही, आणि विलायती दर तर देणारच नाही.