नाग नदीसाठी आधी माहितीचं जाळं हवं की गटारं? तुमचं मत मांडा

अंबाझरी_काठ
आपल्या नागपुरात नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था आहे, व्हीएनआयटी हे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था आहे. नाग, पिली आणि पोहरा शहरातून वाहतात. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव, सक्करदरा, गांधीसागर ही तळी तर आपण रोज ओलांडतो. तरीही एका तळ्यावर जे शिकलो ते दुसऱ्या तळ्यापर्यंत पोहोचत नाही, हे मला फार खटकतं.

भंडारा आपल्यापासून तासा-दीड तासावर. पूर्व विदर्भात कोहळी समाजाने बांधलेले हजारो मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजासोबत त्यातले काही पुन्हा जिवंत केले. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तलावात माजणारी बेशरम ही झुडुपं मुळासकट खणून काढायची, तळ नांगरायचा, आणि पाऊस लागला की चांगल्या तलावातल्या देशी पाणवनस्पती आणून लावायच्या. मासे त्या वनस्पतींच्या आडोशाला अंडी घालतात, पिल्लं तिथेच वाढतात. कोणती वनस्पती कुठल्या माशाच्या कामाची, हे तिथल्या ढीवर बाया-माणसांना तोंडपाठ आहे.

आणि आपण? दर उन्हाळ्यात नाग नदीत पोकलेन उतरतं, गाळ काठावर पडतो, पहिल्या जोराच्या पावसात बराचसा परत पात्रात. गेल्या वर्षी कुठे खोदलं, काय उपयोग झाला, सामान्य माणसाने कुठे पाहायचं?

माझं म्हणणं एवढंच: प्रत्येक तळ्याची आणि नदीच्या प्रत्येक टप्प्याची सगळ्यांना पाहता येईल अशी एक नोंदवही हवी. काय केलं, किती खर्च आला, काय फसलं, सगळं त्यात. फसलेलं तर आवर्जून. आणि संस्था, मनपा, मासेमार, शाळा वर्षातून दोनदा तरी काठावर एकत्र बसाव्यात.

मलनिस्सारण_२२
भावना पोहोचली, पण प्राधान्यक्रम चुकतोय. नाग नदीत उन्हाळ्यात वाहतं ते मुख्यतः सांडपाणी. ते नोंदवहीने थांबत नाही. मलवाहिनी, पंपिंग स्टेशन आणि प्रक्रिया केंद्राने थांबतं. भांडेवाडीच्या प्रक्रिया केंद्रात शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तेवढं धरणाचं स्वच्छ पाणी वाचतं. हे करार, पाइप आणि पैशातून झालं. ते कुठल्या मेळाव्यातून झालेलं नाही.

मेळावे आपण करून पाहिले आहेत. 2 ऑक्टोबर 2022 ला सेवाग्रामहून राज्य शासनाने ‘चला जाणूया नदीला’ सुरू केलं. 75 नद्या, संवाद यात्रा, नदीचे अहवाल. हेतू उत्तम होता. पण तुमच्या ओळखीतल्या किती नागपूरकरांनी आपल्या नदीचा अहवाल वाचला? माणसं मोजकी, निधी मोजका. तो आधी जमिनीखाली घाला.

अंबाझरी_काठ
सांडपाणी थांबायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण 23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवा. काही तासांत शंभर मिलिमीटरवर पाऊस, अंबाझरी ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. ते संकट गटाराच्या पाइपने टळलं नसतं. धरण, पात्र, रस्ता आणि पूल यांत अनेक यंत्रणांचा हात. पाणी मात्र सगळ्यांच्या हद्दीतून गेलं. त्या आठवड्यात शेकडो घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ होती. शहराला यापेक्षा अचूक पूरनकाशा कुठला मिळणार होता? दिवाळीच्या रंगात त्या रेघा गेल्या. आणि सेवाग्रामचे अहवाल वाचले गेले नसतील, तर ते लोकांपर्यंत नेणं हेच तर मी मागतोय.

कुहीवाला
भाऊ, तुमच्या या जायात आमी कुठी आहो? नाग नदी कन्हानमधी जाते, कन्हान आंभोऱ्याले वैनगंगेत मिळते, तिथून सारं गोसीखुर्द धरनाच्या पान्यात. म्हंजे तुमच्या शहराचं पानी आमच्या दारात. जायं टाकलं का मासोयांच्या आधी जलपर्णी येते. ती उपसता उपसता दिवस जाते, जायं फाटते ते वेगळं. शहरातून लोकं येतात, इचारतात, फोटो काढतात, जातात. आमी सांगतलेलं कुठं गेलं ते आमाले आजवर कोनी दाखवलं नाही. माहिती द्याची आमी आन नाव छापाचं दुसऱ्याचं, असं असन तर मी नाही येत.

पाणथळ_अभ्यासक
कुहीवाले दादा, तुमचं म्हणणं या धाग्यातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

मलनिस्सारण दादांना एक सांगते. नीरीने इथेच ‘फायटोरिड’ विकसित केलं: खडी-वाळूचे थर, त्यात कर्दळ, पाणकणीस अशा वनस्पती, आणि सांडपाणी त्यातून मुरत-मुरत शुद्ध होतं. विजेची गरज फारच कमी. मोठ्या केंद्राला हा पर्याय नाही, पण जिथे मुख्य वाहिनी पोहोचायला वेळ लागणार, त्या छोट्या नाल्यांवर उपयोगी आहे. असे प्रयोग नंतर कसे चालले याची एकत्र नोंद असली तर पुढच्या वस्तीचा पैसा वाचेल.

मूळ धाग्याशी मात्र दोन बाबतींत असहमत. मामा तलावाची पद्धत उचलून अंबाझरीवर लावता येत नाही. बेशरम मुळं धरून उभी असते. अंबाझरीतली जलपर्णी तरंगते आणि सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते. ते येत राहिलं तर कितीही काढा, पुन्हा वाढते. दुसरं, सगळंच खुलं नको. गोंदियाकडे सारसाची घरटी धानाच्या बांधीत असतात. जागा जाहीर झाली की कॅमेरेवाले पोहोचतात आणि पक्षी घरटं सोडतो.

मलनिस्सारण_२२
नत्र-स्फुरदाचा मुद्दा म्हणजे माझाच मुद्दा. आणि नोंदवही भरणार कोण? स्वयंसेवक पहिला पावसाळा टिकतात. पगारी माणूस नसेल तर ही वही कोरीच राहील. तरी फायटोरिडच्या नोंदी मिळाल्या तर मी वाचेन.

अंबाझरी_काठ
पगारी माणूस हवा, हे मान्य. नाग नदीच्या शुद्धीकरण प्रकल्पाच्या खर्चातच त्याची तरतूद व्हावी, अशी मागणी करूया. घरट्यांच्या जागा वगळू. कुहीवाले दादा, जो सांगेल त्याच्याच नावाने नोंद, आणि छापण्याआधी त्याला वाचून दाखवायची. वही अंबाझरीपुरती न ठेवता आंभोऱ्यापर्यंत नेऊ. पहिली नोंद तुमची घ्यायची तर काय लिहू?

कुहीवाला
लिहा का पावसाच्या सुरुवातीले शहरातला सारा घान लोंढा एकदम खाली येते, आन त्याच्यात मासोया मरतात. वरून कोनी एक फोन केला तर आमी जायं आधीच काढून घेऊ. तुमची बैठक आंभोऱ्यालेच घ्या, नागपुरात नको. मंग मी दोन-चार जुने मानसं घेऊन येतो.