स्लावला घर, शनिवारी यूलेझमध्ये: एक-दोन वर्षं जुनी कोणती इस्टेट गाडी घ्यावी?

चौथा गियर

राहतो लंडनच्या हद्दीबाहेर, स्लावला, फ्लॅटमध्ये. पार्किंगची एक जागा आहे, पण तिथे चार्जर लावायची परवानगी नाही. सध्याची गाडी २०१४ ची पसाट इस्टेट (मागे लांब डिकीची), डिझेल, युरो ५ (धुराच्या प्रदूषणाचा दर्जा; आकडा मोठा तितकी गाडी स्वच्छ). शनिवारी मुलांचा मराठीचा वर्ग हॅरोला, अधूनमधून डॉलिस हिलला मंडळात कार्यक्रम, शिवाय आईबाबांना हीथ्रोवरून आणणं-सोडणं. सगळं धरून वर्षाला ५० एक दिवस यूलेझमध्ये, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना रोजचा चार्ज लावणाऱ्या लंडनच्या झोनमध्ये, जाणं होतं. महिन्यातून एकदा सॉलिहलला नातेवाइकांकडे. वर्षाचे ८,००० मैल. ऑफिसला ट्रेननं जातो, त्यामुळे आठवडाभर गाडी शाळा आणि बाजारापुरतीच. मुलं ८ आणि ४ वर्षांची. आईबाबा उन्हाळ्यात तीन महिने असतात.

बजेट २४,००० पौंड. एसयूव्ही नको, इस्टेटच हवी.

यूलेझसाठी हायब्रिडच घ्यावी लागेल का? की नवं डिझेल चालेल? सॉलिहलला जाताना बर्मिंगहॅमचा चार्ज लागेल का? आणि कोणत्या गाड्यांच्या वाटेला जाऊ नये?

---

एमफोरचा वाटसरू

आधी यूलेझचं भूत उतरवू या. पेट्रोलला युरो ४ आणि डिझेलला युरो ६, एवढीच अट आहे. जानेवारी २००६ नंतरची बहुतेक पेट्रोल आणि सप्टेंबर २०१५ नंतरची बहुतेक डिझेल गाडी त्यात बसते. म्हणजे दोन वर्षं जुनी कुठलीही गाडी घ्या, पेट्रोल, डिझेल, हायब्रिड, सगळ्या पास. जाहिरातीत 'यूलेझ फ्री' असं ठळक लिहून कोणी त्यासाठी जास्त पैसे मागत असेल, तर तो तुम्हाला गाडीसोबत चाकं फुकट देतोय असं समजा. तरी टीएफएलच्या (लंडनच्या वाहतूक खात्याच्या) साइटवर नंबर टाकून बघाच, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

चार्ज १२.५० पौंड, दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री, नाताळचा दिवस सोडून वर्षभर. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनचे सगळे बरो आत आले आणि हीथ्रोची टर्मिनल्सही आली. एम२५ वर चार्ज नाही. रात्रीच्या विमानाला लोक फसतात ते असे: साडेअकराला आत शिरलात आणि साडेबाराला बाहेर पडलात की दोन दिवसांचे २५ पौंड. पैसे प्रवासाच्या दिवसानंतर तिसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत भरता येतात. चुकलात तर दंड १८० पौंड, १४ दिवसांत भरला तर ९०. हीथ्रोचा ड्रॉप-ऑफ चार्ज याहून वेगळा, तो कुठल्याही गाडीला चुकत नाही. मध्य लंडनचा कंजेशन चार्जही वेगळा आणि हायब्रिडला त्यात सूट नाही.

सॉलिहलची काळजी सोडा. बर्मिंगहॅमचा झोन ए४५४० मिडलवेच्या आतला आहे आणि खुद्द मिडलवेवर चार्ज नाही. एम४२ वरून सॉलिहलला उतरलात तर झोनच्या जवळपासही जात नाही. आत गेलात तर जुन्या पसाटला ८ पौंड, नव्या गाडीला शून्य. ब्रिस्टलला असाच ९ पौंडांचा झोन आहे. बाथमध्ये खाजगी गाड्यांना चार्ज नाही. ग्लासगो आणि एडिंबरा मात्र वेगळं प्रकरण. तिथे दिवसाचे पैसे भरून आत जायची सोयच नाही, अटीत न बसणारी गाडी शिरली की थेट ६० पौंड दंड आणि पुन्हा शिरलात की दुप्पट होत जातो.

आता न विचारलेलं. ५० दिवस गुणिले १२.५० म्हणजे वर्षाला ६२५ पौंड. २४,००० ची गाडी पहिल्या वर्षात याच्या कितीतरी पट किंमत गमावेल. पसाटची तब्येत चांगली असेल तर निव्वळ यूलेझपायी ती विकणं हिशेबात बसत नाही. डीपीएफ (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) किंवा क्लचचं मोठं बिल तोंडाशी आलं असेल, तर गोष्ट निराळी. आणि स्क्रॅपेजची (जुनी गाडी मोडीत काढल्याबद्दल मिळणाऱ्या पैशांची) आशा ठेवू नका. लंडनची योजना सप्टेंबर २०२४ मध्येच बंद झाली, आणि तशीही ती लंडनच्या रहिवाशांसाठी होती.

---

तेलपाणी

वरच्याशी सहमत, पण एक भर. यूलेझमध्ये चालतं म्हणून डिझेल घेऊ नका. तुमचं आठवडाभराचं चालवणं डिझेलला मारक आहे. डीपीएफमधली काजळी जाळायला इंजिन नीट तापून पंधरा-वीस मिनिटं सलग ताशी ४० मैलांच्या वर चालावं लागतं. शाळा-बाजाराच्या फेऱ्यांत ते अर्धवट राहतं, जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं, आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी *वाढलेली* दिसते. ऑइल वाढलं म्हणून खूश व्हायचं नसतं, ते पातळ झालेलं असतं. सॉलिहलची महिन्याची एक फेरी त्याला पुरत नाही. शिवाय अ‍ॅडब्लू (डिझेलचा धूर स्वच्छ करणारं द्रव) संपलं की बंद केलेलं इंजिन पुन्हा सुरूच होत नाही. वर्षाला १५,००० मैल मोटरवेवर करणाऱ्यानं डिझेल जरूर घ्यावं.

चार्जर नाही म्हणजे प्लग-इनही (तारेनं चार्ज करायची हायब्रिड) बाद. रोज चार्ज न होणारी प्लग-इन म्हणजे जड बॅटरी वाहणारी पेट्रोल गाडी, आणि डिकीही जाते: ऑक्टेव्हिया इस्टेटची ६४० लिटर, तिच्याच प्लग-इनची ४९०. पूर्ण इलेक्ट्रिक एमजी५ तुमच्या बजेटात आरामात येते, पण सार्वजनिक चार्जरवर विजेला २० टक्के व्हॅट, घरी ५ टक्के. घरी चार्जिंग नसेल तर इलेक्ट्रिकचा स्वस्तपणा निम्मा तिथेच उडतो.

उरल्या दोन: साधा हायब्रिड किंवा साधं पेट्रोल.

हायब्रिडमध्ये टोयोटा कोरोला टूरिंग स्पोर्ट्स. १.८ लिटर इंजिनवालीची डिकी ५९६ लिटर, २.० वालीची ५८१. २०२३ च्या बदलानंतरची १.८ घ्या, १४० हॉर्सपॉवरची; त्याआधीची १२२ ची भरल्या गाडीनं मोटरवेला चढताना नुसती ओरडते. टायमिंग चेन आहे, क्लच नाही, स्टार्टर मोटर नाही, म्हणजे बिघडायला कमी. एक गोष्ट मात्र बघायचीच. मागच्या सीटजवळ हायब्रिड बॅटरीच्या पंख्याची जाळी असते. कुत्र्याचे केस, बिस्किटांचा चुरा, त्यावर टाकलेलं जॅकेट, यानं ती तुंबली की बॅटरी तापते. जाळी काढून साफ करायला दहा मिनिटं लागतात, पण करतं कोण! दुसरं, १२ व्होल्टची बॅटरी लहान असते. गावी महिनाभर गेलात की ती उतरते.

टोयोटाच्या डीलरकडे दर सर्व्हिसला पुढच्या १२ महिन्यांची किंवा १०,००० मैलांची वॉरंटी मिळत जाते, १० वर्षं किंवा १,००,००० मैलांपर्यंत. जुनी घेताना याला मोल आहे.

सुझुकी स्वेस नावाची गाडी दिसली तर हसू नका. ती हीच कोरोला १.८ आहे, नुसता बिल्ला बदललेला. नाव कोणाला माहीत नसल्यानं सहसा स्वस्त मिळते. फक्त टोयोटाची वरची वॉरंटी तिला नाही, सुझुकीची काय उरली आहे ते विचारा.

पेट्रोलमध्ये ऑक्टेव्हिया १.५ टीएसआय, १५० हॉर्सपॉवर, मॅन्युअल. इंजिनाचा कॅम बेल्ट कोरडा, म्हणजे ऑइलमध्ये न भिजणारा आहे. ऑटोमॅटिक हवी असेल तर लक्षात घ्या की १.५ ला सात गियरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गियरबॉक्स) कोरड्या क्लचचा येतो. ट्रॅफिकमध्ये ब्रेक सोडून हळूहळू सरकत राहिलात की क्लच तापतात. बघायला जाल तेव्हा थंड गाडी चढावर रिव्हर्समध्ये दहा-बारा फूट अगदी सावकाश न्या. थरथरली तर परत लावा आणि घरी या.

टाळायची: १.२ प्युअरटेक इंजिनाची, ओल्या बेल्टची प्यूजो ३०८ एसडब्ल्यू. बेल्ट ऑइलमध्ये भिजत असतो. छोट्या थंड फेऱ्यांत ऑइलमध्ये पेट्रोल मिसळतं, रबर फुगून भुगा सुटतो, तो ऑइल पंपाच्या जाळीत बसतो, ऑइलचा दाब पडतो आणि इंजिन जातं. नेमका तुमचाच वापर त्याला सगळ्यात वाईट. नव्या ४८ व्होल्टच्या १३६ हॉर्सपॉवर हायब्रिडमध्ये चेन आली आहे, तिला हे लागू नाही. फोर्डच्या १.० इकोबूस्टच्या जुन्या आवृत्त्यांतही ओला बेल्ट आहे, तिथे सर्व्हिसच्या पावत्या आणि योग्य ग्रेडचं ऑइल पाहिल्याशिवाय हात लावू नका.

---

डिकीभर

लिटरवर जाऊ नका. त्या आकड्यात जमिनीखालचा कप्पाही मोजलेला असतो, आणि त्यात बॅग बसत नाही. टेप घेऊन जा आणि तीन मापं घ्या: मागच्या कडेपासून सीटच्या पाठीपर्यंत, दोन्ही चाकांच्या उंचवट्यांच्या मधलं अंतर, आणि जमिनीपासून गुंडाळीच्या पडद्यापर्यंत. विमानाच्या मोठ्या बॅगेची लांबी, रुंदी आणि जाडी मिळून १५८ सेंमी असते. आईबाबांच्या प्रत्येकी दोन, म्हणजे चार. पडदा काढून त्या उभ्या लागतात की आडव्या, हे तिथेच घरच्या एका रिकाम्या बॅगेनं बघा. सेल्समन बघत राहील, बघू दे. काढलेला पडदा ठेवायची जागा जमिनीखाली आहे का, तेही विचारा. सगळ्या गाड्यांत नसते.

पण तुमचं खरं गणित वेगळंच आहे. तुम्ही दोघं, दोन मुलं, आईबाबा: सहा माणसं. इस्टेटमध्ये पाच. उन्हाळ्याचे तीन महिने ही अडचण रोज येणार. मुलांना १२ वर्षं किंवा १३५ सेंमी उंची होईपर्यंत सीट लागते, आणि एकेक सीट सुमारे ४५ सेंमी रुंद. दोन सीट लावल्या की मधे मोठ्या माणसाला बसायला जागा उरत नाही, पट्ट्याचं बक्कल तर त्याच्याच मांडीखाली अडकतं. अरुंद बूस्टर आणि त्यांच्यामध्ये एक आजी, असं जमतं का ते गाडी घेण्याआधी प्रत्यक्ष बसवून बघा. जमलं तरी पाचच. तीन महिन्यांसाठी सात सीटची गाडी बारा महिने बाळगण्यापेक्षा, सगळे मिळून बाहेर जायच्या दिवशी मोठी भाड्यानं घेणं स्वस्त पडतं.

कोरोलाच्या मागच्या सीटला पाय पसरायला ऑक्टेव्हियाहून कमी जागा आहे. आणि इस्टेटची सीट खाली असते. आईंचे गुडघे दुखत असतील तर त्यांना पुढे बसवा, पण आधी ते दार पूर्ण उघडून बघा. तुमच्या पार्किंगमध्ये तेवढं उघडतं का?

---

चौथा गियर

सगळ्यांचे आभार. डिझेल आणि प्लग-इन दोन्ही बाद. आईंच्या गुडघ्यांमुळे ऑक्टेव्हियाकडे कल आहे, पण एक डीलर २०२४ ची सुपर्ब इस्टेट, १.५ पेट्रोल, २६,००० ला द्यायला तयार आहे. डिकी ६९० लिटर. दोन हजार वर गेले तर बिघडतं का?

---

एमफोरचा वाटसरू

दोन हजार नाही, चार. त्या सुपर्बची नवी असतानाची लिस्ट प्राइस लेखी मागा, पेंट आणि एक्स्ट्रा धरून. ती ४०,००० पौंडांच्या वर असेल तर दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षं जादा रोड टॅक्स लागतो. एप्रिल २०२५ च्या दरानं साधा १९५ आणि त्यावर जादा ४२५, पाच वर्षांचे २,१२५. दर एप्रिलला हे वाढतं. तुम्ही किती स्वस्तात घेतली याला किंमत नाही, मूळ लिस्ट प्राइसच धरतात. नुकती वर्षाची झालेली गाडी म्हणजे जवळजवळ पाचही हप्ते तुमच्या माथी. पहिल्या मालकानं पाच हजारांचं सनरूफ आणि मोठी चाकं घेतली, त्याचा टॅक्स तुम्ही भरणार! ३९,९०० ची असेल तर मात्र ती चांगली गाडी आहे, आणि मागच्या सीटला तिच्यासारखी जागा या किमतीत दुसरीकडे नाही.

'प्री-रजिस्टर्ड' (डीलरनं आधीच स्वतःच्या नावावर नोंदवलेली) किंवा डेमो गाडी असेल तर पहिल्या नोंदणीची तारीख लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर बघा. वॉरंटी त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. भाड्यावर फिरलेली असेल तर चाकांच्या कडा आणि डिकीच्या ओठावरचे ओरखडे सांगतात. चारी टायर एकाच कंपनीचे आहेत का, दोन चाव्या आहेत का, स्पेअर व्हील आहे की नुसता पंक्चरवर फवारायचा डबा, हेही बघा. फायनान्स बाकी नाही ना, याची तपासणी स्वतः पैसे भरून करा, डीलरच्या कागदावर विसंबू नका. डीलरकडून घेतलेल्या गाडीत दोष निघाला तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानं ३० दिवसांत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. म्हणून पहिल्याच आठवड्यात एक सॉलिहलची फेरी मारा, रात्री, पावसात.

रोड टॅक्स गाडीबरोबर येत नाही. लॉगबुकमधली नव्या मालकाची हिरवी चिठ्ठी घेऊन शोरूममधून निघण्याआधीच ऑनलाइन भरा. आणि पसाट विकली की त्याच दिवशी टीएफएलच्या ऑटो पेमधून तिचा नंबर काढा, नाहीतर तिचा नवा मालक हॅरोला जाईल आणि पैसे तुमच्या कार्डावरून जातील.