रेसिंग गाड्या अशा का दिसतात? नियम आकाराला नको, परिणामाला लावा

बार्जबोर्ड:
२०१२ च्या फॉर्म्युला वन गाड्या आठवा. नाकावर मध्येच पायरी, कोणीतरी वरून पाय देऊन दाबल्यासारखी. ती पायरी कुठल्याही डिझायनरला आवडली म्हणून आलेली नव्हती. नियमात दोन आकडे होते, ड्रायव्हरच्या पायांजवळची चासी (गाडीचा सांगाडा) ६२५ मिलीमीटर उंचीपर्यंत चालेल पण त्याच्या पुढचं नाक ५५० च्या वर नको. आता इंजिनिअरला नाकाखालून जमेल तेवढी हवा फ्लोअरकडे, म्हणजे गाडीच्या तळाकडे, न्यायची असते, म्हणजे तो चासी ६२५ लाच ठेवणार, आणि मग मधल्या ७५ मिलीमीटरचं काय करायचं, तर पायरी. मॅकलरेनची चासी मुळातच खाली होती म्हणून त्यांची गाडी त्या वर्षी देखणी राहिली. २०१३ ला पायरीवर झाकण लावायची परवानगी द्यावी लागली, यातच सगळं आलं.

आणि २०१४ तर त्याहून वाईट. नाकाचं टोक जमिनीलगत आणायचा नियम आला, टोकाशी ठरावीक क्षेत्रफळाचा छेद हवा एवढीच अट. टीमांनी काय केलं, अट पुरी करायला पुढे एक लांब बारीक बोट काढलं आणि बाकीचं नाक पुन्हा वरच ठेवलं. लोटसने तर दोन सुळे काढले, त्यातला एक लांब आणि एक आखूड, म्हणजे नाकाचं टोक म्हणून मोजताना एकच धरलं जाईल.

माझं म्हणणं असं की आकाराला पट्टी लावली की आकार विद्रूपच होणार. त्यापेक्षा परिणामाला मर्यादा घाला. ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीतल्या हायपरकार गटात २०२१ पासून तसंच आहे, डाउनफोर्स (हवा गाडीला खाली दाबते तो जोर) आणि ड्रॅग (हवेचा अडथळा) यांचं गुणोत्तर ४ च्या वर जायला नको आणि एअरोचं, म्हणजे हवेसाठीच्या भागांचं, एकच पॅकेज मंजूर करून घ्यायचं, त्या चौकटीत गाडीचं रूप बऱ्यापैकी तुमच्या हातात. म्हणून प्यूजोला मागचा पंखच नसलेली ९एक्स८ करता आली, फेरारीचा दुमजली पंख, टोयोटा वेगळीच. रंग काढून टाकले तरी लांबून ओळखू येतात. फॉर्म्युला वनमध्ये हे का नको?

व्हेंच्युरी७९:
मुळात चूक गृहीत धरताय. नियम सैल केले की गाड्या वेगवेगळ्या दिसतील हे दोनचार वर्षं खरं असतं, नंतर हवा सगळ्यांना एकाच उत्तराकडे ढकलते. २०२२ बघा ना. साइडपॉडला (कॉकपिटच्या दोन्ही बाजूंचे फुगीर भाग) जागा होती तर मर्सिडीजने जवळजवळ साइडपॉडच नाही असं केलं, फेरारीने वर खोलगट टबासारखे केले, रेड बुलने मागे उतरते केले. तीन घराणी! २०२३ च्या मोनॅकोला मर्सिडीजने आपली कल्पना सोडली आणि २०२४ पर्यंत बहुतेक सगळे रेड बुलच्या वाटेवर. हे कुठल्या नियमाने करायला लावलं? लोटस ७९ चंही तेच, १९७८ ला तिने गाडीखालून हवा खेचून अँड्रेटीला विजेता केलं आणि पुढच्याच वर्षी ग्रिडवर तिच्या नकला.

बार्जबोर्ड:
उत्तर एकच तेव्हा निघतं जेव्हा सगळे एकाच गोष्टीच्या मागे असतात, जास्तीत जास्त डाउनफोर्स. मी तीच शर्यत बंद करा म्हणतोय. ठरलेल्या आकड्यापर्यंत पोचणं सोपं असेल तर तिथे जायला दहा वाटा असतात, मग कंपनी आपल्याला हवा तो चेहरा निवडू शकते.

लाल_झेंडा:
सगळे सौंदर्यावर बोलताय, नाक खाली का आणलं ते कोणी लिहिलंच नाही. उंच नाकाची गाडी दुसऱ्या गाडीच्या कुशीत घुसली तर नाक थेट ड्रायव्हरच्या डोक्याच्या उंचीला येतं, म्हणून ५५०. आणि २०१० ला व्हॅलेन्सियाला वेबर कोवालाइनेनच्या मागच्या चाकावर चढून हवेत उलटा झाला होता ते बघितलंय ना? यात परिणामाला मर्यादा म्हणजे काय करणार, डोक्याला किती लागलं ते मोजणार? काही आकडे मिलीमीटरमध्येच लिहावे लागतात. १९६९ ला माँटज्विकला लोटसचे खांबांवर उभारलेले उंच पंख तुटले, ग्रॅहम हिल आणि रिंट दोघंही एकाच जागी आदळले, पुढच्या मोनॅकोला सरावानंतर पंखच बंद केले. नंतर परत आले ते बुटके आणि पक्के. आज आपल्याला पंख जसा दिसायला हवा असं वाटतं तो त्या अपघातांनी ठरवलाय.

हेलोच्या (ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीचं संरक्षक कडं) वेळी पण २०१८ ला हेच चाललं होतं, गाडीचं रूप घालवलं म्हणून. २०२० ला बहरीनला ग्रोजाँची गाडी बॅरियर फाडून आत गेली, दोन तुकडे झाले, आग लागली आणि माणूस चालत बाहेर आला. त्यानंतर मला हेलो कधीच कुरूप दिसला नाही.

बार्जबोर्ड:
हेलोबद्दल शंभर टक्के मान्य, सुरक्षेचे आकडे राहू देत, कॉकपिट, नाकाची उंची, क्रॅश स्ट्रक्चर सगळं. माझा आक्षेप परफॉर्मन्ससाठी आखलेल्या चौकोनांना, म्हणजे अमुक भाग एवढ्याच जागेत बसवा असल्या नियमांना, आहे. आणि नाकाचा नियम नीट लिहिला असता, चासीपासून टोकापर्यंत सलग उतार एवढी एक ओळ, तरी सुरक्षा तीच राहिली असती आणि पायरी आली नसती.

पिटवॉल:
प्यूजोचं उदाहरण अर्धंच दिलंय. ९एक्स८ २०२२ ला पंखाशिवाय आली आणि २०२४ ला इमोलात पंख लावून आली! कारणही महत्त्वाचं आहे, ती गाडी पुढेमागे सारख्या ३१ सेंटीमीटर टायरवर बेतलेली होती, बाकीचे पुढे २९ मागे ३४ वर पळत होते, शेवटी प्यूजोलाही तिकडेच जावं लागलं आणि वजनाचा, हवेचा तोल मागे सरकला की पंख आलाच. शिवाय त्या गटात वेगवेगळे चेहरे टिकतात ते बॅलन्स ऑफ परफॉर्मन्समुळे, कोणाचं वजन वाढव कोणाची ताकद कमी कर. फॉर्म्युला वनमध्ये चांगली गाडी केली म्हणून तिला वजन लावलेलं चालेल का तुम्हाला? मला तरी नाही. त्यापेक्षा पायरी परवडली.

डार्टगाडी:
मला वाटतं दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतायत, कडक नियम अचानक आला की सगळ्यात सुंदर गाड्या निघतात. १९८३ साठी सपाट फ्लोअर सक्तीचा केला तो अगदी शेवटच्या घडीला, गॉर्डन मरेने ब्रॅबमची नवी गाडी बाजूला ठेवून बीटी५२ काढली. गाडीखालची व्हेंच्युरी (हवा खेचणारी पोकळी) गेली तर लांब साइडपॉड हवेत कशाला, सगळं वजन मागे, पुढे नुसता बाण. पिके त्याच गाडीवर वर्ल्ड चॅम्पियन. ती मोकळीक देऊन झाली नसती, नियमाने मान पकडली म्हणून झाली.

व्हेंच्युरी७९:
बीटी५२ साठी +१.

बार्जबोर्ड, तुमच्या परिणामाच्या नियमात एक मोठं भोक आहे. तुम्ही मोजणार गाडीचा स्वतःचा डाउनफोर्स. पण रेसिंग बिघडतं ते मागच्या गाडीला मिळणाऱ्या घाण, म्हणजे पुढच्या गाडीने घुसळलेल्या, हवेने. २०२२ च्या आधीची गाडी पुढच्या गाडीच्या अगदी मागे लागली की ४६ टक्के डाउनफोर्स जायचा, नव्या नियमांनी तो १८ वर आणायचं ठरलं. ते साधलं कशाने, तर पुढच्या पंखाची टोकं वळवून, चाकांवर पट्ट्या आणि झाकणं घालून, साइडपॉडपुढचे हवा वळवणारे बार्जबोर्ड काढून टाकून (तुमच्या नावाची क्षमा मागून), म्हणजे आकार बांधूनच. आणि तरी टीमांनी दोनतीन वर्षांत पुढच्या पंखाच्या कडांमधून हवा बाहेर फेकायच्या वाटा परत शोधल्या आणि मागे चिकटून राहणं पुन्हा अवघड झालं. एवढं बांधूनही हे होतं तर मोकळं सोडल्यावर काय होईल?

बार्जबोर्ड:
मग घाण हवाच मोजा ना. प्रत्येक गाडीचं मॉडेल नियम करणाऱ्या संघटनेकडे जमा होतं, दहा आणि वीस मीटर मागे हवेत किती ऊर्जा उरली त्याला किमान आकडा लावा, जो पाळेल त्याची गाडी पास, आकार कुठलाही असो. २०२६ ला गाड्या लहान केल्या, रुंदी १९०० मिलीमीटर, सरळ रस्त्यावर दोन्ही पंख आडवे होणार, हे सगळं मला आवडलंय, पण पुन्हा तेच चौकोन आखूनच.

व्हेंच्युरी७९:
सरळ चालणाऱ्या गाडीच्या मॉडेलवर पास होतील हो. वळणात, चाक वळलेलं असताना, गाडी कललेली असताना काय सोडतात ते कोण मोजणार? हीच तर टीमांची खरी हुशारी असते, तपासणीच्या स्थितीत एक गाडी आणि ट्रॅकवर दुसरी. लवचीक पंखांचं काय झालं ते बघा, वजन टांगून चाचणी पास आणि सरळ रस्त्यावर पंख वाकतोच. मिलीमीटरची पट्टी निदान पार्क फर्मेमध्ये (गाड्या तपासणीसाठी बंद ठेवतात ती जागा) गाडीला लावता तरी येते.