प्रतिसाद: ओळखच पटली नाही तर?

"कुठलाही जीवाणू आला की प्रतिकारशक्ती त्याला ओळखतेच" असं वर लिहिलंय, त्यात थोडी भर घालतो.

प्रशांत महासागरात किरिबाटी या द्वीपराष्ट्राच्या फिनिक्स बेटांजवळ २०१७ साली एका मोहिमेत खोल समुद्रातले जीवाणू गोळा केले गेले. त्यात मोरिटेला या प्रजातीतले बरेच होते. आपल्या पेशी ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंना (दुहेरी आवरण असलेला जीवाणूंचा एक मोठा गट) ओळखतात ते मुख्यतः त्यांच्या बाह्य आवरणातल्या एलपीएस या मेद-शर्करेच्या रेणूवरून. २०२१ मध्ये निष्कर्ष आले, ते असे की तपासलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के जीवाणूंचा एलपीएस माणसाच्या आणि उंदराच्या ग्राहींना (रेणू ओळखणाऱ्या पेशींतल्या प्रथिनांना) कळलाच नाही! कारण बहुधा हे की रेणूच्या मेदाम्लांच्या साखळ्या लांब आहेत, ग्राहीच्या खाचेत त्या नीट बसत नसाव्यात. म्हणजे कुलूप जुनं, किल्ली दुसऱ्याच गावची. (घाबरू नका. थंडी आणि प्रचंड दाबाला सरावलेले हे जीव आपल्या ३७ अंशांत तग धरणार नाहीत.)

खोल समुद्रातल्या प्राण्यांचं काय? अँगलरफिश हे मासे बघा. काही जातींत नर मादीला कायमचा चिकटतो, रक्तवाहिन्यासुद्धा एक होतात. परकी ऊती नाकारली कशी जात नाही? २०२० च्या जनुकीय अभ्यासात दिसलं की या जातींनी प्रतिपिंडं आणि टी-पेशींशी (परक्या पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) संबंधित महत्त्वाची जनुकंच गमावली आहेत. तरी ते जगतात, बहुधा जन्मजात प्रतिकारशक्तीच्या (शिकावी न लागणाऱ्या, पहिल्या फळीच्या संरक्षणाच्या) जोरावर. मला तरी मोरिटेलापेक्षा हेच जास्त चक्रावणारं वाटतं.