लहान मुलांना खलाशाचे कपडे घालायची फॅशन आली कुठून?

रेवाची_आई:
मंडळी, लेक आठवीत आहे आणि सध्या जपानी अ‍ॅनिमेचं वेड लागलंय. त्यातल्या शाळेच्या मुली घालतात ना तो युनिफॉर्म, पाठीवर चौकोनी कॉलर आणि पुढे स्कार्फची गाठ, तो तिला गॅदरिंगला हवाय. मी फोटो बघायला बसले तर रशियाच्या झारची मुलं पण तशाच कपड्यांत, जर्मनीच्या कैसरची मुलं पण, व्हिएन्नाच्या त्या गाणाऱ्या मुलांचा युनिफॉर्म पण तोच! आता हे तर साध्या खलाशांचे कपडे, मग राजवाड्यातल्या पोरांना का घालायचे? आणि तिथनं जपानच्या मुलींपर्यंत पोचले कसे? आणि कॉलरवरच्या तीन पांढऱ्या रेघांना काही अर्थ असतो का, म्हणजे तशाच लावेन.

जुनं_कपाट:
छान प्रश्न, माझा आवडीचा विषय आहे. सुरुवात बरीचशी एका मुलापासून धरतात. 1846 च्या सप्टेंबरात व्हिक्टोरिया राणी कुटुंबासकट आपल्या शाही बोटीवरनं फिरायला निघाली होती आणि मोठा मुलगा बर्टी (हाच पुढे सातवा एडवर्ड झाला) तेव्हा जेमतेम चार वर्षांचा. बोटीवर खलाशांचे कपडे शिवणारा जो माणूस होता त्याच्याकडनंच बर्टीसाठी छोटा ड्रेस शिवून घेतला, पांढरी ढगळ बेलबॉटम पँट, पांढरा सदरा, निळी कॉलर, काळा रेशमी रुमाल. पोरगा तो घालून डेकवर आला तशी सगळ्या खलाशांनी जोरात आरोळी ठोकली, असं राणीने डायरीत लिहिलंय. मग विंटरहाल्टर नावाच्या चित्रकाराने त्याच ड्रेसमध्ये त्याचं चित्र काढलं, अल्बर्टने ते राणीला ख्रिसमसला भेट दिलं, आणि त्याचे छापील प्रिंट घरोघरी गेले. तो खरा ड्रेस आजही ग्रीनिचच्या सागरी म्युझियममध्ये आहे.

पण नुसतं राजपुत्राने घातलं म्हणून एखादी फॅशन सत्तर-ऐंशी वर्षं टिकत नाही. मला विचाराल तर खरं कारण म्हणजे हे कामाचे कपडे होते. खलाशाला दोरावर चढायचं, डेक धुवायचा, म्हणून सगळं सैल, पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळता येते, सदरा डोक्यातनं घालायचा, गळ्याला काचणारी कडक कॉलर नाही. त्याआधी पोरांचे कपडे काय होते बघा, अगदी लहान मुलगे चार-पाच वर्षांचे होईपर्यंत मुलींसारखेच झगे घालायचे, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं पँट जाकिटाला बटणांनी जोडलेले घट्ट सूट. त्यापुढे हा ड्रेस म्हणजे पोरांची सुटकाच! धुवायला सोपा, खालच्या भागाला स्कर्ट लावला की मुलीला चालतो, आणि 1870 नंतर तयार कपड्यांच्या दुकानात स्वस्तात मिळायला लागला. मग कारकुनाचा मुलगा आणि राजाचा मुलगा एकाच कपड्यात.

जर्मनीत मात्र याला राजकारणाचा रंग चढला. 1898 पासून तिथे मोठं आरमार बांधायचं खूळ होतं, आणि समुद्रापासून शेकडो मैल लांब राहणारे आईबाप सुद्धा पोरांना कील या आरमारी बंदराच्या नावाचा 'कीलर' सूट घालून फोटो काढायचे. झारचा मुलगा अलेक्सी तर जवळजवळ प्रत्येक फोटोत खलाशाच्या वेषात दिसतो. त्याला हिमोफिलिया होता, जरा लागलं तरी रक्त थांबायचं नाही, म्हणून त्याला सांभाळायला आरमारातले खरे खलाशीच ठेवले होते. ते फोटो बघताना पोटात तुटतं.

गोदाकाठ:
तीन रेघा म्हणजे ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन, त्याच्या तीन लढाया, नाईल, कोपनहेगन आणि ट्रफाल्गर. आणि काळा रुमाल त्याच्या सुतकाचा. आम्हाला एनसीसीत सांगितलं होतं.

दर्यावर्दी_७४:
गोदाकाठ, ही गोष्ट जगभर सांगतात पण तिला आधार नाही. काळा रुमाल खलाशी नेल्सन जायच्या आधीपासून बांधायचे, घाम पुसायला, डोक्याला गुंडाळायला. आणि ब्रिटिश आरमारात साध्या खलाशांना ठरलेला युनिफॉर्मच मुळी 1857 ला आला, अधिकाऱ्यांना 1748 पासून होता. म्हणजे बर्टीचा ड्रेस शिवला तेव्हा खलाशांना अधिकृत युनिफॉर्म नव्हता! तीन रेघा त्या 1857 च्या वेळी नक्षी म्हणून ठरल्या. रेवाची आई, तुम्ही बिनधास्त लावा.

साकुरा_पुणे:
जपानचं मी सांगते, मी जपानी शिकवते. आधी तिथल्या शाळकरी मुली किमोनोवर हाकामा (घागऱ्यासारखं लांब, चुण्यांचं वस्त्र) घालायच्या, त्यात पळणं-उड्या अवघड. 1920 ला क्योटोच्या एका मिशनरी शाळेने सेलर कॉलरचा सलग ड्रेस आणला, आणि 1921 ला फुकुओकाच्या शाळेत एलिझाबेथ ली या अमेरिकन मुख्याध्यापिकेने वर ब्लाउज खाली प्लेट्सचा स्कर्ट असा युनिफॉर्म सुरू केला. पहिली शाळा कुठली यावर तिथे अजून वाद चालतो, नागोयाचे लोकही आपलंच नाव सांगतात. इंग्लंड-अमेरिकेत तोपर्यंत मुली खेळाच्या तासाला असेच ब्लाउज घालत होत्या, त्यामुळे हे आरमारातनं नाही तर शाळेच्या मैदानातनं आलंय असं मला वाटतं. शिवायला सोपा, म्हणून मुली घरी स्वतः पण शिवायच्या.

व्हिएन्नाचं पण सांगून टाकते, 1918 ला बादशाही गेली तशी त्या गाणाऱ्या मुलांचा तलवार लावायचा दरबारी युनिफॉर्म पण गेला. 1924 ला श्निट नावाच्या पाद्रीने ते पथक पुन्हा उभं केलं तेव्हा पोरांचे नेहमीचे चांगले कपडे म्हणजे हेच, तेच दिले. ऑस्ट्रियाकडे तेव्हा समुद्रकिनारा सुद्धा उरला नव्हता.

सुईदोरा:
ताई, शिवायचं असेल तर कॉलर दुहेरी कापडाची करा, एकेरी केली तर पाठीवर गोळा होते. फीत आधी वरच्या पदरावर लावून घ्या, मग दोन पदर जोडून उलटवा. फितीचे कोपरे दुमडताना आधी इस्त्री, मग शिलाई, नाहीतर तिन्ही रेघा वाकड्या दिसतात. स्कार्फ कॉलरच्या खालून काढून पुढे बांधायचा. लेकीला विचारा कुठल्या शाळेची हवी, नागोयाकडची कॉलर भलीमोठी असते, तेवढं कापड जास्त आणावं लागेल.