दिवंगत प्रियकरावरचं आठवणींचं पुस्तक: पत्रं, बदललेली नावं आणि त्याच्या घरची माणसं

हळदपेठ (सांगली)

नमस्कार. सांगलीतल्या एका लहान प्रकाशनासाठी एक हस्तलिखित संपादनाला आलं आहे. लेखिका सातारा जिल्ह्यातल्या, साठी ओलांडलेल्या. विषय त्यांचं एका प्राध्यापकाबरोबरचं नातं. आधी कॉलेजच्या दिवसांत, मग त्या गृहस्थांचं लग्न झाल्यावर पुन्हा सहा वर्षं. ते तीन वर्षांपूर्वी वारले. पत्नी, मुलगा, मुलगी सांगलीतच असतात, आईही हयात आहेत. घरात कुणाला किती ठाऊक आहे ते लेखिकेलाही सांगता येत नाही.

लिखाण उत्तम आहे, त्यात सूड नाही. पण २१० पानांत प्राध्यापकांची १४ पत्रं जवळजवळ पूर्ण आली आहेत, शेवटच्या काळातले व्हॉट्सॲप संदेश आहेत, तीन फोटो आहेत. नाव तेवढं बदललंय, बाकी सगळं जसंच्या तसं. पहिली आवृत्ती ५०० प्रतींची.

पत्रं लेखिकेला आलेली, म्हणजे ती त्यांचीच ना? गेलेल्या माणसाची बदनामी होऊ शकते का? नाव बदलणं पुरतं का? आणि कायद्यात सगळं बसलं तरी घरच्यांना आधी सांगावं का? छापूच नका असं कृपया सांगू नका, तो सल्ला लेखिका स्वतःलाच बरीच वर्षं देत आल्या आहेत.

माहुलीघाट (सातारा)

पत्रांपासून सुरू करतो, कारण पुस्तक अडलंच तर तिथे अडेल.

कागद लेखिकेचा, शब्द त्यांचे. आलेलं पत्र जपायचं की फाडायचं हे ज्याला आलं तो ठरवतो. मजकुराचा कॉपीराइट मात्र लिहिणाऱ्याकडे राहतो आणि त्याच्यामागे वारसांकडे जातो. १९५७ च्या कायद्यात मुदत मृत्यूनंतर ६० वर्षं आहे. हयातीत प्रसिद्ध न झालेल्या लिखाणाची ६० वर्षं तर ते पहिल्यांदा छापलं गेल्यावर मोजायला लागतात. थांबून सुटेल असा हा प्रश्न नाही. व्हॉट्सॲप संदेशांनाही हेच लागू, स्क्रीनशॉट काढला म्हणून मजकूर आपला होत नाही. 'दहा ओळींपर्यंत चालतं' असं पुष्कळ जण सांगतात, पण अशी ओळींची मर्यादा कायद्यात कुठेही नाही. समीक्षा, संशोधन यांसाठी सवलत आहे, अख्खं प्रेमपत्र तिच्यात बसवणं कठीण.

वारस कोण हे नीट पाहा. मृत्युपत्र नसेल आणि हिंदू वारसा कायदा लागू असेल तर पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई, चौघंही पहिल्या वर्गातले वारस. एकट्या मुलाने 'हरकत नाही' असं लिहून दिलं की काम झालं असं समजू नका, चौघांच्याही सह्या घ्या. परवानगीच्या कागदात पत्राची तारीख, नेमका मजकूर, भाषा, छापील पुस्तक की ई-बुक की ऑडिओ, प्रदेश, मुदत आणि मोबदला हे सगळं यायला हवं. मुदत लिहिलेली नसली तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसला तर भारतापुरता. म्हणजे सहाव्या वर्षी दुसरी आवृत्ती काढायची म्हटली की पुन्हा त्याच दाराशी जाणं आलं.

परवानगी मिळाली नाही तरी पुस्तक मरत नाही. कॉपीराइट शब्दांच्या मांडणीला असतो, घडलेल्या गोष्टीला नसतो. पत्रात काय होतं ते लेखिकेने आपल्या शब्दांत सांगावं. इथे हमखास एक चूक होते: पत्र समोर ठेवून एकेका वाक्यातले शब्द फिरवले जातात. ती नक्कलच झाली. पत्र कपाटात ठेवावं, चार दिवस जाऊ द्यावेत आणि मग ते हातात पडल्यावर आपलं काय झालं ते लिहावं. वाचकालाही तेच हवं असतं, तारखेवार पत्रं वाचून तो तिसऱ्या पत्राला कंटाळतो.

लेखिकेने त्यांना लिहिलेली पत्रं कदाचित त्यांच्या घरात असतील. त्या मजकुराचा कॉपीराइट लेखिकेचा. स्वतःकडे प्रत असेल तर छापायला कुणाची परवानगी नको, पण ते कागद परत मागता येणार नाहीत.

फोटो ज्याने काढला त्याचा. पैसे देऊन काढवून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल तर काढवून घेणाऱ्याचा. सहलीत मित्राने काढलेला फोटो असेल तर त्या मित्राला विचारा.

हे इतकं सविस्तर लिहिलं त्याला कारण आहे. कॉपीराइटचा दावा वारसांना आपण राहतो तिथल्याच जिल्हा न्यायालयात, म्हणजे सांगलीत लावता येतो. बदनामीच्या भीतीने पुस्तक आधीच थांबवायला न्यायालयं सहसा तयार होत नाहीत, पण पत्रं दुसऱ्याची आहेत हे उघड दिसत असलं की मनाई हुकूम लवकर मिळतो. आणि कॉपीराइटचा भंग करून छापलेल्या प्रती हक्कदाराच्या मालकीच्या मानल्या जातात. तुमच्या ५०० प्रतींचे गठ्ठे त्यांचे झाले असं समजा.

तंतुवाद्य (मिरज)

माहुलीघाट यांनी पत्रांचं सगळं सांगितलंच आहे. बदनामी आणि नावं यांबद्दल लिहिते.

गेलेल्या माणसाच्या वतीने घरच्यांना अब्रूनुकसानीची भरपाई मागता येत नाही. फौजदारी मात्र होऊ शकते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ लागू आहे, त्याआधी हीच तरतूद भारतीय दंड विधानाच्या ४९९ मध्ये होती. माणूस जिवंत असता तर त्याच्या लौकिकाला धक्का बसला असता असं विधान आणि घरच्यांच्या, जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू, अशा दोन्ही गोष्टी असतील तर तीही बदनामी ठरू शकते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, किंवा समाजसेवा. 'पण हे खरं आहे' एवढ्याने फौजदारीत सुटका नाही, ते सांगणं सार्वजनिक हिताचं होतं हेही दाखवावं लागतं. बदनामीकारक आहे हे माहीत असून छापणारा आणि विकणाराही याच कलमात येतो. तुमच्या मुद्रकाला अंधारात ठेवू नका.

खासगीपणाचं म्हणाल तर तो हक्क माणसाबरोबर संपतो, वारसांकडे जात नाही, असं मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलं आहे. पण पत्नीचा आणि मुलांचा खासगीपणा त्यांचा स्वतःचा आहे, आणि तो शाबूत आहे. १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कुटुंब, लग्न, मातृत्व, अपत्यजन्म यांबद्दल संमतीशिवाय काही छापू नये, मग ते खरं असो वा खोटं, कौतुक असो वा टीका. अपवाद मुख्यतः सार्वजनिक नोंदींतल्या मजकुराचा.

म्हणून या हस्तलिखितात मला त्या प्राध्यापकांपेक्षा त्यांच्या पत्नीची काळजी वाटते. अशा लिखाणात पत्नी बहुधा एकाच वाटेने येते: 'तो म्हणायचा की ती...'. ती थंड आहे, तिला गाणं कळत नाही, आमचं पटत नाही. लग्नाबाहेरच्या नात्यात माणूस स्वतःची बाजू सावरायला जे बोलतो ते हे बोलणं. ते पुरावा म्हणून टिकत नाही, आणि जिवंत बाईबद्दल छापायला तर अजिबात योग्य नाही. तिला उत्तर द्यायचं असलं तरी ज्याने हे म्हटलं तोच राहिलेला नाही. पत्नीचं प्रत्येक वाक्य लाल पेनाने अधोरेखित करा. लेखिकेने स्वतः पाहिलेलं नसेल ते काढा. पाहिलेलं असेल तर ते लेखिकेच्या गोष्टीला खरोखर लागतं का ते विचारा. बहुतेक वाक्यं जातील आणि पुस्तकाचं काही अडणार नाही.

तारखाही तपासा. 'त्या वर्षीच्या श्रावणात' एवढं लिहिलं तरी मुलं आपल्या जन्मसालाशी ताडून पाहतात. आई गरोदर असताना बाबा कुठे जात होते हे त्यांना छापील पुस्तकातून कळावं असं लेखिकेलाही वाटत नसेल. वर्षं काढून ऋतू ठेवले तर निवेदनाचं काही बिघडत नाही.

त्याने फक्त लेखिकेला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी, म्हणजे वडिलांचं कर्ज, भावाचा आजार, स्वतःची औषधं, यांचा वेगळा कागद करा. एचआयव्हीसारखी बाब असेल तर २०१७ च्या कायद्याने संमतीशिवाय ती उघड करायला बंदी आहे. बाकीच्यांना एवढा स्पष्ट कायदा नाही, पण ज्या गोष्टीत लेखिका नव्हती ती गोष्ट लेखिकेची नाही, असं मी धरते.

आता नाव बदलण्याचं. सांगली-मिरजेत माणूस नावाने कमी आणि खुणांनी जास्त ओळखला जातो. इतिहासाचे प्राध्यापक पुष्कळ असतील. हार्मोनियम वाजवणारा इतिहासाचा प्राध्यापक, आणि २००५ च्या पुरात ज्याची पुस्तकं वाहून गेली, असा एकच निघेल. एकेक खूण निरुपद्रवी, तीन एकत्र आल्या की पत्ता सापडतो. विषय, कॉलेज, पेठ, छंद, गाडी, आजार, मृत्यूचा महिना अशी यादी करा आणि दोनपेक्षा जास्त खुणा खऱ्या ठेवू नका. ही तपासणी गावातल्या कुणाला हस्तलिखित वाचायला देऊन करू नका, बातमी तिथूनच फुटते.

बदल करताना आणखी एक घोटाळा होतो. मिरजेचा प्राध्यापक उचलून विट्याचा डॉक्टर केला, तर विट्यात तसा खरा डॉक्टर असू शकतो. ज्याचा काही संबंध नाही असा माणूस मग तक्रार घेऊन येतो, आणि त्याची तक्रार खरीही असते. गाव मोघम ठेवा, 'कृष्णाकाठचं एक तालुक्याचं गाव' पुरे. आणि नावं व काही तपशील बदलल्याचं प्रस्तावनेत स्वच्छ लिहा.

अजिंक्यतारा (सातारा)

वरचं बरंचसं मान्य आहे, पण एका गोष्टीला विरोध नोंदवते. या सगळ्या काटछाटीत लेखिकाच पुसली जाऊ नये. सहा वर्षं ती त्या नात्यात होती, ती तिच्याही आयुष्याची सहा वर्षं आहेत. घरच्यांची संमती ही अट धरली तर लग्नाबाहेरच्या बाईला कधीच लिहिता येणार नाही, कारण तशी संमती कुठलं घर देईल? पत्रांच्या शब्दांसाठी परवानगी मागावी, तो त्यांचा हक्क आहे. आठवणींसाठी मागू नये. या दोन गोष्टी एकाच अर्जात घातल्या की घरचे पुस्तकालाच नाही म्हणतात आणि लेखिका ते 'नाही' मान्य करून बसते.

काटछाट करताना पेन दोन्ही बाजूंना सारखा चालतो का तेही पाहा. त्याच्या अब्रूसाठी पाच पानं गेली आणि लेखिकेची फजिती झालेली पाच पानं 'प्रांजळ' म्हणून राहिली, असं होतं. शेवटी पुस्तकात तीच तेवढी उघडी पडते.

संवादांचंही पाहा. माणूस गेल्यावर त्याच्या तोंडी अवतरणचिन्हांत वाक्य घालणं जपून करावं. डायरीत त्याच दिवशी टिपलेलं असेल तर ठेवा. नाहीतर 'अशा अर्थाचं काही बोलला' असं लिहा. दुखऱ्या जागी आठवण शब्द बदलते, आणि तो ते दुरुस्त करायला येऊ शकत नाही.

हळदपेठ (सांगली)

सर्वांचे आभार. पत्रं काढून निवेदन करायला लेखिका तयार आहेत, दोन पत्रांच्या मोजक्या ओळी मात्र त्यांना हव्याच आहेत. म्हणजे घरच्यांकडे जाणं आलंच. कुणी जावं, काय दाखवावं? आणि आधी की मजकूर पक्का झाल्यावर?

माहुलीघाट (सातारा)

मजकूर पक्का झाल्यावर, पण छपाईला जाण्याच्या निदान तीन महिने आधी. लेखिकेने स्वतः दारात जाऊ नये, फोनही करू नये. प्रकाशकाने पत्र लिहावं, पत्नीच्या नावाने, बंद पाकिटात, पाकिटावर प्रकाशनाचं नाव नको. पोस्टमनसमोर किंवा सुनेच्या हातात ते उघडलं जाऊ नये इतकी काळजी घ्यावी. वर्षश्राद्ध, घरातलं लग्न, मुलीचं बाळंतपण यांच्या आसपास पाठवू नये.

पत्रात तीन गोष्टी असाव्यात. असं पुस्तक येत आहे, त्यात नावं आणि खुणा बदलल्या आहेत, आणि अमुक तारखेच्या पत्रांतल्या अमुक ओळींसाठी परवानगी हवी आहे. त्या ओळी जोडाव्यात, पूर्ण हस्तलिखित नको. पत्नीने स्वतः मागितलं तर त्यांच्याबद्दलची पानं जरूर दाखवावीत आणि तथ्याची चूक त्यांनी दाखवली तर दुरुस्त करावी. मजकूर मान्य-अमान्य करण्याचा अधिकार त्यांना देत आहोत असा अर्थ पत्रातून निघू देऊ नये, अजिंक्यतारा यांचा मुद्दा इथे लागू होतो. उत्तर आलं नाही तर एक स्मरणपत्र पाठवावं, तिसरं नको. मौन म्हणजे परवानगी नव्हे, त्या ओळी मग काढायच्या.

वारसांपैकी एकानेही नकार दिला तर तोच शेवट. मुलीला धरून आईला पटवायच्या फंदात पडू नका.

करारातलं हमीचं कलम वाचा. अशा करारांत सगळा कायदेशीर खर्च लेखकाच्या गळ्यात घालणारं वाक्य असतं. निवृत्त बाईला ते झेपणारं नाही. मजकूर वकिलाने पाहिल्यावर झालेला खर्च दोघांत वाटून घ्यायचा, असं त्यात लिहून घ्या. लेखिकेच्या डायऱ्या, मूळ पत्रं, संमतीचे कागद यांची एक फाइल करा. बदनामीच्या भरपाईचा दावा प्रसिद्धीपासून एका वर्षात लावावा लागतो, पण फौजदारी तक्रारीला आणि कॉपीराइटच्या दाव्याला तीन वर्षं असतात. तोवर फाइल हलवू नका.

तंतुवाद्य (मिरज)

एक राहिलं. मलपृष्ठावरचा मजकूर आणि वर्तमानपत्राला द्यायचा उतारा लेखिकेच्या लेखी संमतीशिवाय ठरवू नका. रविवारच्या पुरवणीसाठी नेमकं सगळ्यात उघडं पान उचललं जातं, आणि घरच्यांच्या हातात पुस्तकाआधी ते पान पडतं. प्रकाशन समारंभ सांगलीत नको, साताऱ्यात करा किंवा करूच नका. पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि कायद्याने ठरवलेल्या इतर तीन ग्रंथालयांना प्रती द्याव्या लागतात. नंतर पस्तावून दुकानांतले गठ्ठे परत आणले तरी त्या प्रती तिथेच राहतील, हे लेखिकेला सही करण्याआधी सांगा.