तलवारी नाही, कापूस

"लढाया संपल्या की पेन्सिकला बघण्यासारखं काही उरत नाही" असं कुणीतरी लिहिलंय, ते नाही पटलं. पेन्सिक म्हणजे मध्ययुगातलं जगणं आणि लुटुपुटूच्या लढाया हौसेने वठवणाऱ्यांचं शिबिर. अमेरिकेत पिट्सबर्गच्या उत्तरेला, गाडीने तासाभरावर भरणारं हे शिबिर दोनेक आठवडे चालतं आणि तिथल्या 'विद्यापीठा'त शेकडो वर्ग असतात. शिकवणारे सगळे हौशी. मी गेले त्या दिवशी लढाईच्या मैदानाकडे फिरकलेसुद्धा नाही!

सकाळी उसना झगा अडकवून हर्डी-गर्डीच्या वर्गात बसले. या वाद्याचा दांडा फिरवला की राळ लावलेलं लाकडी चाक तारांवर घासतं. जिथे घासतं तिथे तारेवर कापसाचा पातळ पदर गुंडाळायचा. कमी पडला तर वाद्य किंचाळतं, जास्त झाला तर आवाज बसतो. माझा अर्धा तास त्या कापसातच गेला. एका तारेखालची घोडी (तार जिच्यावर टेकते ती लाकडी पट्टी) मात्र मुद्दाम सैल ठेवलेली, झणझणावी म्हणून. शिकवणाऱ्या बाईंना मी तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडीवर तार घासून उठणारी झणझण, आणि तारेखाली सरकवायचा दोरा समजावून सांगितला, तर त्यांनी लगेच वही काढली.

संध्याकाळी नाच. १५८९ च्या एका फ्रेंच पुस्तकात पावलांसकट दिलेला 'धोबिणींचा ब्रान्ल' हा समूहनाच शिकवला. आधी बायका-पुरुषांनी आळीपाळीने बोट नाचवत एकमेकांना दटावायचं, मग टाळ्या, म्हणजे धुणं बडवल्याचा आवाज. दटावणं पहिल्या फेरीत जमलं (सराव घरचाच), टाळ्या शेवटपर्यंत चुकल्या.